जंगाचा खिळा

उदगीरला चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीत मलप्पा मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते त्याचा मान राखायला. वर चार पत्रे, खाली बाभळीचा ठोकळा, दोन घमेली, एक चूल आणि दाराच्या चौकटीत ठोकलेला चार इंची खिळा. माणूस अडुसष्टचा, काटकुळा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंड असं की समोरच्यानं देव आठवावा. सुतारकाम त्यानं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. प्लायवूडला तो लाकूडच मानत नाही. "भुसा अन् गोंद कालवून थापलेला. त्याला रंधा मारायचा तर मग बसम्माच्या भाकरीलाबी मारतो की!" बसम्मा ही त्याची बायको. चाळीस वर्षं ती भाकरी करते आहे आणि चाळीस वर्षं हे ऐकते आहे.

आता तो एकच काम करतो. लोक सुताराची जुनी हत्यारं आणून टाकतात आणि मलप्पा त्यांचा जंग काढून देतो. रंध्याची पाती, पटाश्या, वाकस, करवती, गिरमिटं; कुणाच्या माळ्यावर पडलेली, कुणाच्या गोठ्यात सापडलेली. आधी तारेच्या ब्रशानं पोपडे पाडायचे, मग दिवसभर चिंचेच्या कोळात बुडवायचं, मग विटेची भुकटी घेऊन नारळाच्या शेंडीनं घासायचं, सोड्याच्या पाण्यानं धुवून आंबटपणा मारायचा, उन्हात कडक वाळवायचं, पॉलिश पेपर फिरवायचा आणि वर करडीच्या तेलाचा हात. बहुतेक लोक घरी करायला जातात आणि सोडा विसरतात. दुसऱ्या दिवशी हत्यार पुन्हा तांबडं झालं की चिंचेला शिव्या देतात. मलप्पा त्यांना शिव्या देतो.

आणि शिव्या तो एकट्याला देत नाही, सगळ्या गल्लीला ऐकवतो. तो खिळा त्यासाठीच. जंगलेलं हत्यार आलं की एक दिवस ते खिळ्याला टांगायचं आणि खाली चौकटीवर खडूनं मालकाचं नाव लिहायचं. येणारा-जाणारा वाचतो. दुसऱ्या दिवशी नाव पुसायचं आणि मगच कामाला हात लावायचा. कुणी म्हणालं, "मिस्त्री, एवढं कशाला?" की उत्तर तयार. "लोखंड आपल्या आपण सडत नसतंय. कुणीतरी सडवतंय. त्याचं नाव लोकाला कळू नये का?"

समोर संगमेशचं फर्निचरचं मोठं शोरूम आहे. त्याला हा खिळा चांगलाच भोवला. आजोबाचा वाकस काचेच्या पेटीत ठेवून गिऱ्हाइकाला तीन पिढ्यांची परंपरा दाखवायची होती साहेबाला. मग त्यानं काय करावं? जंगावरूनच चंदेरी रंग फासला! महिन्याभरात रंग फुगला, खालचा जंग वर आला, तेव्हा वाकस घेऊन मलप्पाकडं धावला. "अरे गड्या, हा वाकस हाय का नवरदेव? पावडर लावून आणलास की!" वाकस दिवसभर लटकला, खाली नाव, संगमेश शोरूमवाला. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून बघायला आली. त्या दिवसापासून संगमेश तोंडावर मामा म्हणतो आणि मनात वाट बघतो.

जंग काढायचं हे काम मलप्पा शिकला नायगावला, जिलानी उस्तादच्या हाताखाली. पंधराव्या वर्षी गेला तो नऊ वर्षं तिथंच राहिला. उस्तादचं नाव होतं रेहलीसाठी. रेहल म्हणजे कुराण ठेवायची लाकडी घोडी. उस्ताद ती सागवानाच्या एकाच फळीतून काढायचा. खिळा नाही, जोड नाही. बिजागरी फळीच्या पोटातच कोरायची आणि मग दोन्ही टोकांकडून चिरत यायचं, की फळी आपसूक उघडते. त्या कोरणीसाठी उस्तादनं ट्रकच्या कमानपाट्यातून दोन सुतांच्या, म्हणजे पाव इंची, दोन पटाश्या घडवून घेतल्या होत्या. एक स्वतःला, एक मलप्पाला. मलप्पानं तीन फळ्या फोडल्या आणि चौथीच्या वाटेला गेला नाही. "ते आपलं काम न्हाई," म्हणाला. आपली पटाशी त्यानं तेल लावून पेटीत ठेवली. दर सोमवारी काढायची, पुसायची, परत ठेवायची. आरशासारखी लखलखीत आहे.

उस्ताद जंगाच्या बाबतीत फार कडक. "लोहे कू प्यास लगती, मलप्पा," म्हणायचा. "तेल नै पिलाया तो हवा का पानी पीता." आणि शिकणाऱ्यांना बजावायचा की ज्याच्या हातानं जंग चढला त्याचा हत्यारावरचा हक्क उठला. मलप्पानं उस्तादची कारागिरी निम्मीच उचलली, हा कायदा मात्र सगळा उचलला.

उस्तादला जाऊन नऊ वर्षं झाली. मागं बायको खातूनबी आणि एक मुलगी, नाजिया. तेव्हापासून मलप्पाच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. उस्तादची हत्यारं आपल्याला मिळायला पाहिजेत. बायकांच्या घरात हत्यारांचं काय होणार! त्यांनी आपण होऊन आणून द्यावीत म्हणून तो थांबला. मागायला गेला नाही, मागायचं त्याच्या जिवावर येतं. त्यांनी आणून दिली नाहीत. मग चहाच्या गाड्यावर बसून त्यानं सांगायला सुरुवात केली की उस्तादच्या घरी हत्यारं कुजून राहिली. बघितली नव्हती. बघायला कशाला पाहिजे, त्याला ठाऊक होतं!

आणि गेल्या भादव्यात, एका सोमवारी, नाजिया नांदेडच्या बसमधून उतरून पत्ता विचारत दुकानात आली. पस्तिशीची बाई, डोक्यावर ओढणी, कमरेवर जड पोतं. पोतं खाली ठेवून तिनं सलाम केला.

"चाचा, ओळखलं का? जिलानी उस्तादची नाजिया."

मलप्पाला आनंद झाला होता. खरंच झाला होता. पण त्याचं तोंड त्याच्या आधी धावतं. "आली का आठवण? नऊ वर्षांनी?"

"तुमच्या शब्दासाठी थांबलो होतो, चाचा. मागच्या महिन्यात मला हत्यारं लागली म्हणून पोतं उघडलं, तर..."

पण मलप्पा कुठला ऐकायला! त्यानं पोतं उलटं करून ठोकळ्यावर ओतलंसुद्धा. रिकामं पोतं कोपऱ्यात भिरकावलं आणि समोरचा ढीग बघितला. रंध्याची पाती फुगून जाड झालेली. करवतीचे दात एकमेकांत बसलेले. पटाश्यांच्या मुठीतून तांबडी पूड गळत होती. उस्तादची हत्यारं!

"हे काय करून ठेवलं ग, पोरी? अगं, उस्ताद गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी मी सोताच्या हातानं तेल लावून बांधून दिली होती. तेलानं निथळून राहिली होती!"

"हाव. तशीच ठेवली होती आम्ही."

"तशीच ठेवली म्हणं! तशी ठेवली तर हे काय आभाळातून पडलं? लोखंड हाय, त्याला काळजी लागती. तुमच्या घरात कुणाला का पडली होती?" गल्लीत चार माणसं थांबली, संगमेश शोरूमच्या पायरीवर आला. मलप्पाला तेवढं पुरे असतं. नाजिया खाली मान घालून ऐकत राहिली. त्याचा दम संपल्यावर म्हणाली, "मला रेहल करायचीय, चाचा. अब्बूनं मला शिकवलं होतं. ती बारीक पटाशी तेवढी आधी नीट करून द्या."

मलप्पा हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तू? रेहल? मी तीन फळ्या फोडल्या तिथं तू काय करणार?" मग त्यानं उस्तादचा कायदा काढला. "साफ करतो मी. पण परत न्यायची न्हाईत. ज्याच्या हातानं जंग चढला त्याला हक्क न्हाई. तुझ्याच बापाचं बोलणं हाय."

नाजियानं वर बघितलं. "ठाऊक हाय मला. मग जंग कशानं चढला ते शोधून काढा. आमची चूक असंल तर तुम्हीच ठेवून घ्या. मी पुढच्या सोमवारी येते."

जाताना तिनं बघितलं. बापाची करवत खिळ्याला लटकलेली आणि खाली खडूनं लिहिलेलं, नाजिया, नायगाव. दुसऱ्या दिवशी नाव पुसायची रीत, पण मलप्पानं यावेळी पुसलं नाही. करवतही उतरवली नाही. बघू दे म्हणाला लोकाला.

पहिले दोन दिवस तो खुशीत होता. हत्यारं आपलीच झाली, या हिशेबानं तो उस्तादच्या एकेका पात्यावर जीव ओतत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर कालच चकाचक केलेल्या पात्यावर तांबडे थेंब. घाम आल्यासारखे! सोडा कमी पडला असेल म्हणून त्यानं सगळं पहिल्यापासून केलं. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब. आता मात्र तो चपापला. साध्या पाण्याचा जंग असा उलटून येत नाही. त्यानं बोट फिरवून जिभेला लावलं. खारट.

"मीठ!" तो गाड्यावर जाऊन ओरडलाच. "बघा, बायकांची अक्कल! हत्यारं लोणच्याच्या बरणीपाशी ठेवली असणार. करवतीनं काय कैऱ्या चिरल्या का काय की!" लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत लोणच्याची गोष्ट गल्लीभर झाली.

खाराला उपाय एकच, साध्या पाण्यात उकळायचं. पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं, जिभेला चव लागेनाशी होईपर्यंत. बसम्माच्या वरणाच्या जुन्या पातेल्यात त्यानं उस्तादची हत्यारं चार-चार वेळा उकळली. पाती वाचली. करवत अजून खिळ्यालाच होती, पण तीही वाचेल असं त्याला वाटलं. बारीक पटाशी मात्र... तिचा जंग निघत गेला, निघत गेला, आणि शेंडी फिरवता फिरवता ती मानेतून कट्ट झाली. आतून पोकळ झाली होती. मलप्पाच्या हातात दोन तुकडे राहिले. उस्ताद गेला त्या दिवशी त्याला रडू आलं नव्हतं, आज आलं. आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि राग गेला नायगावच्या त्या दोन बायांवर. "परत द्यायची म्हणं! चिमूटभर मीठबी देत न्हाई आता!"

सहाव्या दिवशी बसम्मा गोवऱ्या भरायला पोतं शोधत आली. कोपऱ्यातलं पोतं तिनं उचलून झटकलं. शिवणीतून तांबूस खडे टपटप खाली पडले. तिनं पोत्याचा कोपरा उजेडाकडं धरला आणि तशीच थांबली.

"ओ. हे माझ्या इरकलीचं काठ हाय."

"कुठलं काठ?"

"हे बघा की. ही खोळ मीच केलती तुमाला, पावसाची. डोक्यावरनं घसरू नई म्हणून हिरव्या काठाचं बंद शिवलतं. पोटॅशच्या पोत्याची. तुमी उस्तादच्या चाळीसाव्याला फटफटीवर हेच पांघरून गेलता अन् येताना भिजून आलता. मी इचारलं, पोतं कुठंय? तुमी म्हणलात, चांगल्या कामाला लागलं."

मलप्पानं खडा उचलून जिभेवर ठेवला. तीच चव. आणि मग एकदम सगळं आठवलं. नायगावचं अंगण, बुरबुर पाऊस, तेल लावलेल्या हत्यारांचा ढीग, आणि बांधायला काही सापडेना म्हणून अंगावरची खोळ काढून त्यानंच ती तिच्यात भरली होती. आत खताची भुकटी, वर पावसाचा ओलावा. नुसतं मीठ परवडलं असतं! तोंड सुतळीनं आवळून तो खातूनबीला काय म्हणाला होता? "भाभी, पेरणी झाली की मी येतो. मी येईपर्यंत ह्या गाठीला कुणी हात लावायचा न्हाई."

तुमच्या शब्दासाठी थांबलो होतो, असं नाजिया म्हणाली होती. ते आता त्याच्या कानात शिरलं. दोन बायका नऊ वर्षं त्याचा शब्द पाळत बसल्या आणि हा शहाणा चौबाऱ्यात बसून त्यांनाच नावं ठेवत होता! मलप्पाला लाज वाटली. अशी की पायाखालची जमीन पोटात घेईल तर बरं.

"चुलीत घालू का?" बसम्मानं विचारलं. "तिला काय ठाऊक? लोणच्याचं तर तुमी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंच हाय. हत्यारंबी तुमालाच ऱ्हातील." हे ती मायेनं म्हणाली की टोचायला, ते मलप्पाला चाळीस वर्षांच्या संसारानंतरही कळलं नाही. त्यानं पोतं तिच्या हातातून घेतलं. घडी घातली, मोडली, परत घातली. खरं सांगायचं तर दोन दिवस ते पोतं चुलीजवळच होतं. करवत सोडून बाकी हत्यारं साफ होऊन ओळीनं मांडलेली होती, आणि त्यांच्याकडं बघितलं की त्याला ती सोडवत नव्हती.

सोमवारी सकाळी त्यानं करवत खिळ्यावरून उतरवली; लोकाला दाखवायच्या नादात तिचा जंग काढायचा राहूनच गेला होता. नाजियाचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं, खडूचा डाग राहिला तर नखानं खरवडलं. मग पोतं खिळ्याला टांगलं, हिरवा काठ समोर दिसेल असं, आणि खाली लिहिलं, मलप्पा. तेवढ्यात संगमेश रस्ता ओलांडून आलाच.

"मामा, ह्ये तर तुमचं नाव..."

"वाचता येतंय न्हवं? मग वाच अन् जा."

संगमेश गेला नाही. खुर्ची मागवून बसला.

अकराच्या बसनं नाजिया आली. तिनं पोतं बघितलं, नाव बघितलं, आणि ठोकळ्यासमोर येऊन उभी राहिली. मलप्पानं आदल्या दिवसापासून चार वाक्यं जुळवून ठेवली होती, ती ऐनवेळी कुठं गेली कुणास ठाऊक. "पोतं पोटॅशचं होतं," तो म्हणाला. "माझंच होतं. मीच बांधलं. तुम्ही काही केलं न्हाई. हत्यारं तुझी." आवाज बारीक निघाला. गाड्यावरची माणसं म्हणाली, "मोठ्यानं, मिस्त्री!" त्यानं मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

नाजियानं एकेक पातं उचलून बघितलं. उस्तादसारखंच, उजेडाकडं तिरपं धरून. "बारीक पटाशी?"

त्यानं दोन तुकडे पुढं केले. तिनं ते ओढणीच्या टोकात बांधले. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. मलप्पानं आपली पेटी उघडली, तेलाच्या फडक्यातली आपली पटाशी काढली आणि तिच्यासमोर धरली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या पटाशीला दुसऱ्या कुणाचं बोट लागलं नव्हतं. "ही घे. जोडीचीच हाय. रेहल कर."

नाजियानं पटाशी घेतली, अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती नखावरून घसरली. "चमक लई हाय, चाचा," ती म्हणाली. "धार न्हाई. कधी वापरलीच न्हाई वाटतं."

संगमेश एवढा हसला की खुर्ची करकरली. मलप्पा त्याच्याकडं बघूसुद्धा शकला नाही. नाजियानं घासायचा दगड मागून घेतला, पाणी टाकलं आणि तिथंच खाली बसून धार काढू लागली. लांब, एकसारखे हात. तो हात मलप्पानं ओळखला. शिकणारा पोरगा असताना तो रोज हेच बघत बसायचा आणि त्याला ते कधी जमलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं मनगटावरचे दोन केस पटाशीनं सपकन उडवून बघितले आणि मान हलवली.

मलप्पा घाईनं उठला. हत्यारांसाठी त्यानं जाड कापडाची नवी गुंडाळी शिवून घेतली होती, कप्पे पाडून, तेल पाजून. ती तो पसरायला लागला.

"नको, चाचा." नाजियानं पिशवीतून आपल्या बापाचा जुना सदरा काढला, तेलात मुरवलेला. "बांधाबांध माझी मी करते."

मलप्पानं गुंडाळीची परत घडी घातली. हत्यारं बांधून कमरेवर घेऊन ती दारापर्यंत गेली आणि खिळ्यापाशी थांबली.

"हे किती दिवस टांगायचं असतं?"

"एक दिवस."

"आमची करवत आठ दिवस होती."

मलप्पानं पोत्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "हाव," म्हणाला.

ती बसला गेली. पोतं आठ दिवस लटकलं. मधे गुरुवारचा बाजार आला, देवणीकडचे सुतार आले, देगलूरकडचे आले, ज्यांची नावं कधीतरी त्या चौकटीवर लिहिली गेली होती ते तर मुद्दाम आले. जो कुणी विचारील, हे कुणाचं, त्याला मलप्पा बसवून घ्यायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगायचा, लोणच्यासकट.